परकोटाबाहेरची वसई

१६ मे १७३९ रोजी वसईच्या पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांपुढं शरणागतीच्या कलमांवर सही केली. शिबंदीनं हत्यारांनिशी, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडावं, ज्यांना जायचं असेल त्यांना मालमत्तेसह जाऊ द्यावं, आठ दिवसांत शहर रिकामं करावं, अशी ती कलमं. त्यांतच एक मागणी होती, जिच्याकडं इतिहास वाचणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही. मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेसाठी तीन चर्च चालू ठेवू द्यावीत: एक शहरात, एक कसब्याच्या मुलखात आणि एक साष्टीत. हरणाऱ्यानं मागितलं आणि जिंकणाऱ्यानं दिलं.

वसई म्हटलं की मराठी माणसाला किल्ला आठवतो आणि किल्ला म्हटलं की चिमाजी अप्पा. तसं होणं स्वाभाविकच आहे. पण तटाच्या आतलं शहर त्या मे महिन्यातच संपलं. फिदाल्गोंचे, म्हणजे पोर्तुगीज सरदारांचे, वाडे, जेझुइटांचं कॉलेज, मठ, इस्पितळ, सगळ्याचा कारभार आठवड्याभरात गुंडाळला गेला. टिकलं ते परकोटाबाहेर, केळीच्या बागांत आणि मिठागरांच्या कडेला: गावोगावचं चर्च आणि त्याभोवतीचा धर्मग्राम, त्याच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, त्याचे सण आणि त्याची भांडणंही. राज्यकर्ते बदलले, पाद्री बदलले, प्रार्थनेची भाषाही बदलली, तरी ही संस्था पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. इथं तिचीच वाटचाल सांगायची आहे. किल्ला तिच्या ओघात येईल तेवढाच.

सुरुवात तशी तलवारीनंच झाली. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यानं वसई लुटली आणि जाळली. पुढच्याच वर्षी हुमायूनच्या धास्तीनं गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशाहानं २३ डिसेंबर १५३४ च्या तहानं वसई, साष्टी, मुंबई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांच्या पदरात टाकला. तह झाला तो भर समुद्रात, एका गलबतावर. १५३६ मध्ये गार्सिया द सा हा वसईचा पहिला कप्तान झाला आणि किल्ल्याचं काम सुरू झालं. पुढं हेच शहर पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी बनलं. चौलपासून दमणपर्यंतची ठाणी त्या प्रांतात मोडत. मराठी कागदपत्रांत या मुलखाला फिरंगाण म्हणतात. आगाशीला जहाजं बांधली जात. वसईचा काळा दगड पार गोव्याला जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागाला तो लागलेला आहे. गावंच्या गावं पोर्तुगीज घराण्यांना खंडानं मिळत, बहुधा तीन पिढ्यांसाठी, आणि त्या बदल्यात घोडे, बंदुका, माणसं हजर ठेवायची जबाबदारी असे. जमिनीचा खरा मालक राजा, वहिवाट फिदाल्गोची आणि घाम कुळाचा, अशी ती रचना होती.

या रचनेतच धर्मग्राम रुजला. फ्रान्सिस्कन पंथाचा फ्राय आंतोनियु दु पोर्तु हा त्याचा आद्य पुरुष. त्याच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेण्यात अर्थ नाही. त्याच्या पंथाच्याच जुन्या वृत्तांतांत त्यानं अकरा चर्च बांधली आणि दोनशे देवळं पाडली असं कौतुकानं लिहिलेलं आहे. दोनशे हा आकडा मोजून लिहिलेला नसेल, पण दिशा खरी आहे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च थाटलं गेलं आणि डोक्यावर कॉलेज उभं राहिलं; कान्हेरीच्या लेण्यांतही फ्रान्सिस्कन जाऊन बसले. निर्मळचं शिवस्थान उद्ध्वस्त झालं. १५४६ मध्ये पोर्तुगालहून राजा तिसरा जुआंव याचं फर्मान आलं, त्यानं या सगळ्याला राजाज्ञेचं बळ दिलं.

तरीही सगळं धर्मांतर निव्वळ तलवारीच्या टोकावर झालं असं म्हणणंही सोपं, आणि म्हणून अपुरं आहे. कुठं जमिनीची आशा, कुठं वेठीतून सुटका, कुठं दुष्काळातलं अन्न, कुठं गावच्या पाटलामागून गेलेलं गाव, कुठं खराखुरा विश्वासही. सामवेदी ब्राह्मण म्हणवणारे गट आले, ते आजचे कुपारी. वाडवळ आले, कोळी आले, भंडारी आले. बाप्तिस्म्याला जो पोर्तुगीज धर्मपिता उभा राही त्याचं आडनाव मिळे. म्हणून आज नंदाखालच्या केळीच्या बागेत लोपीस, डाबरे, तुस्कानो, रॉड्रिग्ज शेजारी शेजारी राबतात. जात मात्र आडनावाआड गेली नाही. रोटीबेटी कुपाऱ्यांची कुपाऱ्यांत आणि वाडवळांची वाडवळांत अशीच चालली. चर्चनं देव बदलला, पण सोयरीक बदलणं त्याला जमलं नाही. लग्नातला मांडव, हळद, उंबराचं पाणी या गोष्टी तशाच राहिल्या. अधूनमधून एखाद्या कडक पाद्र्यानं त्यांवर डोळे वटारले, एवढंच.

किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या पाठोपाठ जेझुइट आले, मग डोमिनिकन, मग ऑगस्टिनियन. प्रत्येकाचं आपलं चर्च, आपला मठ, आपली जमीन आणि एकमेकांबद्दलची आपली असूया. जेझुइटांच्या कॉलेजला येशूच्या पवित्र नावाचं कॉलेज म्हणत. इथंच या संस्थेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी शिकला.

गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोर्तुगीज समाजव्यवस्थेत अशा मुलाची जागा ठरलेली होती: चर्चच्या कामाला उपयोगी, पण वरच्या पायरीवर नको. जेझुइट शिक्षकांबरोबर तो जपानला गेला, जपानी भाषा सफाईनं बोलू लागला, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं राबला. पण जेझुइट संघात प्रवेश काही मिळेना. तेव्हा त्यानं व्यापार धरला, त्यात जम बसवला आणि पुढं मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांत साधा बंधू म्हणून दाखल झाला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडं फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ गेलं तेव्हा दुभाषा हाच होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

या गोष्टीतला विरोध मला नेहमी खुणावतो. ज्या जेझुइट संघानं त्याला आत घेतलं नाही, त्याच्या कॉलेजच्या भिंती आज किल्ल्यात पडक्या उभ्या आहेत, आणि त्याच कॉलेजच्या चर्चमध्ये परकोटाबाहेरची गावं दरवर्षी त्याच्या सणाला जमतात.

दुसरा धागा भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण सर्वांना ठाऊक आहे, पण ते गोव्यातल्या साष्टीचं. उत्तर कोकणानंही आपलं पुराण पिकवलं होतं. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश या फ्रान्सिस्कनानं या भागातल्या बोलीत येशूच्या दुःखसहनाची पद्यकथा रचली आणि १६५९ मध्ये ती लिस्बनला छापली गेली. लिपी रोमन, शब्द इथले. त्या पद्याला स्टीफन्सच्या ओवीची उंची नाही. कविता म्हणून ते खडबडीतच आहे. पण उपवासकाळात गावोगाव ते गायलं जाई, पिढ्यान्‌पिढ्या पाठ असे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावं इतकी त्याला मागणी राहिली. मिस्सा लॅटिनमध्ये, हुकूम पोर्तुगीजमध्ये, आणि रडणं मराठीत, अशी ती विभागणी होती. पुढं पोर्तुगीज गेले तेव्हा लोकांजवळ आपल्या भाषेत काहीतरी उरलं, ते या खडबडीत पद्यामुळं.

सतराव्या शतकात शहराला उतरती कळा लागली. १६६१ मध्ये कॅथरिनच्या लग्नात मुंबई आंदण गेली आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी तिचा ताबा घेतला. वसईच्या फिदाल्गोंना ते कधीच पचलं नाही. १६७४ मध्ये मस्कतचे अरब उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्च लुटली. शिबंदी आत दार लावून बसली होती. तट कोणासाठी होता हे त्या दिवशी बाहेरच्या ख्रिस्ती गावांना नीटच कळलं असणार. शतकाच्या शेवटी साथीच्या रोगानं शहराचा बराच भाग ओस पडला.

१७३७ च्या मार्चमध्ये ठाणं पडलं, साष्टी गेली. १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम, तारापूर, मग वसई. हा भाग मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. फक्त एक हिशेब नोंदवतो. वेढ्याच्या काळात पैसा संपला तेव्हा वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडं हात पसरला. त्यांनी पंधरा हजार रुपये दिले, पण चर्चची चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा तारण ठेवून घेतल्या. म्हणजे पूजेची चांदी सावकाराकडं गेली आणि घंटा विजेत्यांकडं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत आणि वाजतातही.

२३ मे १७३९ ला किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण चढलं. इथून पुढं संस्थेचा खरा कस लागला. युरोपीय मठवासी निघून गेले. त्यांच्याबरोबर राजाचा खजिना, मठांची गावं, कॉलेजची आमदनी हेही गेलं. रिकाम्या जागा भरल्या त्या गोव्याच्या देशी पाद्र्यांनी. पोर्तुगीज राजवटीत ज्यांना वर्षानुवर्षं दुय्यम जागांवर ठेवलं होतं, ते काळे पाद्री आता अख्खा मुलूख सांभाळू लागले. १७६० च्या सुमारास आंकतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला, तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती सण उघडपणे आणि थाटात होत असलेले पाहून त्याला नवल वाटलं. मराठ्यांच्या राज्यात, गोव्यात व्हावा तसा सोहळा!

माझं मत असं की वसईच्या चर्चला इथल्या मातीचं करण्यात चिमाजी अप्पांच्या विजयाचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज टिकले असते तर धर्मग्रामाची सूत्रं आणखी शे-दीडशे वर्षं गोऱ्या मठवाश्यांच्या हाती राहिली असती. राजाश्रय सुटला, आणि चर्च कशावर चालवायचं हा प्रश्न गावाच्या पुढ्यात येऊन पडला. गावानं तो सोडवला तांदळानं, नारळानं, अंगमेहनतीनं. दुसरीकडं हिंदू समाजानंही आपलं मोडलेलं पुन्हा उभं केलं. सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या काळात वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, निर्मळच्या तीर्थाचा जीर्णोद्धार झाला. काही कुटुंबं पुन्हा हिंदू झाली, बहुतेक झाली नाहीत. निर्मळची कार्तिकातली जत्रा मात्र सगळ्यांचीच झाली. आगाशीकडची सुकेळी घ्यायला तिथं जाताना गळ्यात क्रूस आहे की माळ, हे कोणी पाहत नाही.

पुढं किल्ल्याचं महत्त्व तहापुरतं उरलं. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं इथंच तैनाती फौज पत्करली. धर्मग्रामांपुढचा प्रश्न वेगळा होता. इंग्रजी राज्यात राहणाऱ्या कॅथलिकांवर गोव्याच्या आर्चबिशपचा हुकूम चालावा की रोमनं थेट नेमलेल्या माणसाचा? पोर्तुगालच्या राजाला मिळालेला जुना धर्माधिकार, म्हणजे पाद्रोआदो, राज्य गेल्यावरही शिल्लक होता. त्यावरून मुंबई-साष्टीत गावांत फळ्या पडल्या, चर्चच्या चाव्यांवरून भांडणं झाली. १८८६ मध्ये तडजोड म्हणून दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला आणि वसई त्यात गेली. म्हणजे चिमाजी अप्पांनंतर दीडशे वर्षं उलटली तरी आगाशीच्या शेतकऱ्याचा बिशप लिस्बनच्या संमतीनं ठरत होता! १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडला आणि वसई मुंबईला जोडली गेली. त्याच करारात मुंबईच्या गादीवर आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप बसवायचं ठरलं. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, तेव्हा हा पाळीचा खेळ संपला.

याच काळात जुन्या वसईचा पहिला पद्धतशीर इतिहास लिहिला गेला. मूळ गोव्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे जे. जेर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर आणि अवशेषांवर इंग्रजीत ग्रंथ काढला. तटांतले शिलालेख, थडग्यांवरचा मजकूर, पडझडीची नोंद त्यांनी केली नसती तर आज त्यातलं कितीतरी हाती लागलं नसतं. 

विसाव्या शतकात धर्मग्रामाला नवं काम मिळालं: पैसा. रेल्वेनं वसईची भाजी, फुलं, नागवेलीची पानं आणि केळी मुंबईच्या बाजारात नेली. बागाइतदार कष्टाळू होता, पण पावसाळ्याआधीचं बी-बियाणं आणि रहाटाची दुरुस्ती यांसाठी सावकाराच्या दारी जाई. १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं वसईच्या कॅथलिकांची सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. पाद्र्यानं प्रवचनात बचतीबद्दल बोलावं आणि मिस्सा संपल्यावर लोकांनी भाग घ्यावेत, ही गोष्ट फ्राय आंतोनियुच्या डोक्यात कधी आली नसती. सावकारी पाशातून बागा सोडवण्याचं काम या संस्थेनं केलं, आणि माझ्या मते धर्मग्रामानं लोकांना दिलेल्या ऐहिक गोष्टींत शाळेच्या खालोखाल तिचाच क्रमांक लागेल.

शाळा मराठी निघाल्या, आणि त्यांतून वाचक तयार झाले. १९५५ मध्ये ‘सुवार्ता’ हे मासिक सुरू झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं साठच्या दशकात लॅटिन बाजूला सारायला मुभा दिली, तेव्हा मुंबईच्या अनेक धर्मग्रामांनी इंग्रजीची वाट धरली. वसई मराठीवर ठाम राहिली. हा निर्णय आज साधा वाटतो, पण त्या काळी प्रतिष्ठा इंग्रजीला होती आणि नोकऱ्याही इंग्रजीत होत्या. १९८३ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक झाले आणि मासिकाचा वाचक चर्चच्या कुंपणाबाहेर गेला. तुकाराम आणि ज्ञानेश्वर त्यात तितक्याच सहजपणे येत जितका बायबलमधला ईयोब येई. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि एका धर्मगुरूला हा मान कशाला, असा विरोधही काहींनी केला. विरोधकांना दिब्रिटो दिसत होते, की अजून तो पहिला फ्राय दिसत होता? बहुधा दुसराच. २५ जुलै २०२४ ला दिब्रिटो गेले.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचं कृपामातेचं चर्च कॅथेड्रल ठरलं आणि भुईगावचे थॉमस डाबरे पहिले बिशप झाले: इथल्याच मातीतले, संत तुकारामांवर संशोधन केलेले. किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण चढल्याच्या तारखेला एकच दिवस कमी, हा योगायोगच. गावचा माणूस गादीवर बसायला एवढा काळ लागला.

तोवर गावांपुढं नवं संकट उभं राहिलं होतं. ऐंशीच्या दशकाअखेरीस वसई-विरारचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला करण्याची हालचाल सुरू झाली. टँकरवाले विहिरी उपसून पाणी मुंबईच्या उपनगरांना विकू लागले, खारं पाणी बागांत शिरू लागलं, जमिनीच्या सौद्यांमागं गुंडगिरी आली. दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी हरित वसई संरक्षण समिती उभारली. मोर्च्यांत कुपारी बायका लाल लुगड्यांत, आगरी, वाडवळ, आदिवासी सगळे होते. धमक्या आल्या, त्या धर्म विचारून आल्या नाहीत. बागाइतीच्या कोपऱ्यातली बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारी जुनी तळी, बुजवून त्यांवर इमारती चढत होत्या. त्यांचं पाणी खालच्या विहिरीला कसं पोचतं हे सांगायला अभियंत्यांच्या आधी म्हाताऱ्या शेतकऱ्यांना व्यासपीठावर बोलावलं गेलं.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावांनी ‘आम्हाला ग्रामपंचायतच हवी’ म्हणून पुन्हा आंदोलन धरलं. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, मग तो कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं तारखांत अडकून राहिला. दरम्यान वसई रोड ते नालासोपाऱ्यापर्यंत उत्तर भारतातून, केरळातून, कोकणातून आलेल्यांची वस्ती वाढली. काही धर्मग्रामांत आता रविवारी मराठीबरोबर इंग्रजी, कोकणी, मल्याळम मिस्साही होतात. वेळापत्रकात मराठीला सकाळची चांगली वेळ राहावी म्हणून जुनी मंडळी धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत हट्ट धरतात, आणि नवे लोक संख्या मोजून दाखवतात.